गाडीची मागची काच

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या गाडीच्या डिकीतून कुबट वास यायला लागला. आधी वाटलं, ग्रोसरीच्या पिशवीतून एखादा कांदा घरंगळून मागे राहिला असेल. कांदा सापडला नाही. मग कार्पेट उचललं, त्याखालचा तक्ता उचलला, तर स्टेपनी चार बोटं पाण्यात बसलेली.

गाडी तेरा वर्षांची, साधी सेडान. माझे वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) तेव्हा सहा महिन्यांसाठी इंडियानात आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे बिघडलेली गाडी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. "पाणी कुठनं येतंय ते आतनंच बघाय पाहिजे. मी आत जातो, तू वरनं पाइप मार," ते म्हणाले. मागच्या सीटची पाठ पाडून ठेवली, आणि अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ बॅटरी घेऊन डिकीत आडवे झाले. डिकीचं झाकण लावल्यावर बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून खूण ठरली. आतून एक ठोका म्हणजे कोरडं, दोन म्हणजे थांब, सापडलं.

तुमच्या डिकीत पाणी येत असेल, तर पाइप मारताना खालून वर जा. आधी बंपरच्या वरचा भाग, मग टेललाइटच्या कडा, मग डिकीचं रबर आणि शेवटी काच. पाणी वरून खाली वाहतं. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि नेमकी गळती कुठली ते कळत नाही. टेललाइट झाले, एक ठोका. रबर झालं, एक ठोका. मागच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी पडलं आणि आतून घाईघाईने दोन ठोके आले.

काचवाल्यांना फोन केले. दोघांनी फोटो मागवून घेतले आणि दोघांनीही तेच सांगितलं: काचेखालचा पत्रा गंजलेला दिसतोय, काच काढताना फुटली तर नव्या काचेचे पैसे तुमचे, आणि गंजावर लावलेल्या चिकटवणीची हमी आम्ही देणार नाही. खर्चाचा अंदाज साडेचारशे डॉलर, गंजाचं काम वेगळं. गैर काही नव्हतं त्यात. पण आप्पा म्हणाले, "काच काढायची, पत्रा घासायचा, काच बसवायची. त्यात काय?" आणि माझी पीएचडी चिकटवणाऱ्या पॉलिमरवर. माघार कुठल्या तोंडाने घेणार?

आप्पांच्या डोक्यात होती ती रबरवाली काच. जुन्या एसटी, जुन्या अँबेसेडर, फियाट, यांच्या काचा जाड रबराच्या पन्हळीत बसलेल्या असत. बसवायची युक्ती भारतातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये पाहायला मिळे. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या दुसऱ्या खाचेत सगळीकडून सुतळी घालायची, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि एकाने बाहेरून थापट्या मारत असताना दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचं. सुतळी निघते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या आत उलटतो. अर्ध्या तासात काच बसते, ना रसायन ना वाट पाहणं. आमच्या गाडीत रबर नव्हतंच. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढची आणि मागची काच थेट पत्र्याच्या कडेला चिकटवलेली असते, युरेथेन नावाच्या काळ्या, लवचिक पॉलिमरने. ती काच नुसती खिडकी नसते, गाडीच्या सांगाड्याला हातभार लावणारा भाग असतो.

इथे थोडं थांबून आपल्या गाडीच्या काचांचे कोपरे बघून या. पुढच्या काचेवर बहुधा 'एएस १' असं बारीक छापलेलं दिसेल आणि मागच्या काचेवर 'एएस २'. एसयूव्हीची काळपट मागची काच असेल तर 'एएस ३'. पुढची काच लॅमिनेटेड असते: दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. दगड लागला तर ती तडकते, पण जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते: एकच काच, पण भट्टीत तापवून झटकन थंड केलेली. ती फुटते तेव्हा संपूर्ण फुटते, एकदम. आमच्या कामातली खरी जोखीम तिथेच होती.

ही काच समजून घ्यायला आप्पांच्या गावी जाऊ. त्यांचं लहानपण कराडजवळच्या ओगलेवाडीतलं. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचं हे गाव, जिथला प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. (त्याआधी १९०८ साली तळेगावला लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन उभारलेला पैसा फंड काच कारखाना सुरू झाला होता. मराठी मुलखाचं काचेशी नातं तसं जुनं आहे.) कंदिलाची काच तापलेली असताना तिला ओला हात लागला तर ती तडकते, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाने एकदा तरी बोलणी खाऊन शिकलेलं. कारण सोपं आहे. गरम काचेचा पृष्ठभाग एकदम थंड झाला की तो आकसू पाहतो, आतली गरम काच त्याला आकसू देत नाही, म्हणून पृष्ठभाग ताणला जातो. आणि काचेला ताण सोसत नाही. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे हजारो ओरखडे असतात. ताणलं की त्यातला एखादा उघडतो आणि पळत सुटतो. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने याचं गणित मांडलं: काच तिच्या रेणूंमधल्या बंधांवरून काढलेल्या ताकदीच्या कितीतरी आधी फुटते, ती या बारीक भेगांमुळे.

मग तापवलेल्या काचेवर थंड हवेचा मारा करून ती मजबूत कशी होते? फरक तापमानाचा आहे. टेम्परिंगसाठी काच साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्या तापमानाला ती मऊ असते, ताण आला तरी जरा वाहून मोकळी होते. आता दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडले की वरचा थर आधी कडक होतो. आतला गाभा अजून गरम असतो. तो मागाहून थंड होताना आकसतो आणि आधीच घट्ट झालेल्या वरच्या थराला आत ओढतो. लिंबू सुकताना आतला गर आकसतो आणि साल सुरकुतते तसंच, फक्त काचेला सुरकुतता येत नाही. म्हणून तिचा पृष्ठभाग कायमचा दाबलेला राहतो आणि गाभा कायमचा ताणलेला.

दाबलेला पृष्ठभाग फायद्याचा, कारण दाबाखाली भेग उघडत नाही. पुस्तकांची आडवी रांग दोन्ही टोकांनी दाबून तुम्ही एकदम उचलता तेव्हा मधली पुस्तकं पडत नाहीत. काचेला वाकवून तिचा पृष्ठभाग ताणायचा, तर आधी हा दाब संपवावा लागतो. पूर्ण टेम्पर्ड काचेत हा दाब किमान ६९ मेगापास्कल धरतात आणि गाड्यांच्या काचांत तो १०० च्या आसपास असू शकतो. १०० मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, एक टन.

पण हा दाबलेला थर फार जाड नसतो. प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग. साडेतीन मिलिमीटरच्या काचेत सात दशांश मिलिमीटर. ओरखडा तेवढ्या खोलीच्या आत आहे तोवर काही होत नाही. तो पार करून भेग ताणलेल्या गाभ्यात शिरली, की तिला बाहेरून जोर लागत नाही. तिचं इंधन काचेतच भरलेलं असतं.

सतराव्या शतकात लोकांनी याची करमणूक केली होती. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की बेडकाच्या पिल्लासारखा लांब शेपटीचा मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही, आणि शेपटीचं टोक मोडलं की सगळ्याची भुकटी होते. प्रिन्स रूपर्टने हे थेंब इंग्लंडला आणले, म्हणून त्याच्या नावाने ओळखले जातात; १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांच्यावर प्रयोग झाले. खरं उत्तर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालं. आमच्याच इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठातले श्रीनिवासन चंद्रशेखर आणि केंब्रिजचे मुनव्वर चौधरी यांनी १९९४ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने या थेंबांचं फुटणं टिपलं. भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर आणि त्याहूनही जास्त वेगाने धावते, वाटेत फुटत, शाखा काढत. पुढे २०१६ च्या सुमारास एस्टोनियातल्या संशोधकांबरोबरच्या कामात थेंबाच्या पृष्ठभागावरचा दाब ७०० मेगापास्कलपर्यंत असल्याचं मोजलं गेलं.

काम सुरू करायच्या आदल्या रात्री मी आमच्या काचेत किती ऊर्जा साठली असेल त्याचा हिशोब केला. काच साधारण १.३ मीटर लांब, ०.७ मीटर रुंद, वजन आठ किलो. पृष्ठभागावर १०० मेगापास्कल दाब आणि मध्ये ५० मेगापास्कल ताण धरला तर उत्तर येतं सुमारे ७० जूल. सात किलो तांदळाची पिशवी एक मीटर उंचीवरून पडली तर होईल तेवढा दणका. फार नाही. पण तो संपूर्ण काचेत पसरलेला, आणि एक मिलिसेकंदात मोकळा होणारा.

हे सगळं मला आदल्या रात्री माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच फोडली.

कडेची प्लॅस्टिकची पट्टी निघाली होती. चिकटवण कापायला मी खास सुरी आणली होती, पण खालच्या कोपऱ्यात गंजामुळे ती अडकत होती. मी पाना-पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, कोपऱ्यात सरकवला आणि जरासा उचलला. आप्पा म्हणाले, "लोखंड लावू नको काचेला." मी म्हटलं, "जरासंच." टक्क असा एक आवाज झाला आणि मग पावसाच्या सरीसारखा. मागच्या सीटवर, डिकीच्या झाकणावर, माझ्या बुटांत, सगळीकडे खडीसाखर. जोराने मारलं नव्हतं. काचेच्या सपाट भागावर मूठ आपटली असती तर तिने दादही दिली नसती. पण कडेवर स्क्रूड्रायव्हरचं टोक म्हणजे सगळा जोर एका बिंदूवर. तिथे कपची उडाली, कपचीतून भेग गाभ्यात शिरली आणि पुढचं तिचं तिने केलं.

तुकडे बोथट असतात, तीच या काचेची सोय. अमेरिकी मानकाच्या चाचणीत फुटलेल्या काचेचा एकही तुकडा ४.२५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. आमच्या आठ किलोला हा नियम लावला तर किमान १९०० तुकडे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट असतील. मी गॉगल आणि हातमोजे घातले होते, मला काही झालं नाही. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी झाडू आणला. दुपारी लेक शाळेतून आली, तिने काच नसलेल्या गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "आजोबांनी फोडली?" आप्पा म्हणाले, "हो, मीच."

ही लेक रोज त्या काचेखाली बसते. मागच्या सीटवर, तिच्या कारसीटमध्ये, काचेपासून दीड-दोन फुटांवर. फुटलेली काच परवडली. बसलेली वाटणारी, पण नीट न चिकटलेली काच परवडणार नव्हती. अपघातात मागची काच सुटून गेली, तर ते माणूस बाहेर फेकलं जायलाही एक भोक होतं. त्या संध्याकाळी मी काचवाल्याला परत फोन लावायला घेतला होता. आप्पा म्हणाले, "आधी पत्रा बघू. पत्रा चांगला असेल तर करू, सडला असेल तर नको." मला हा निकष पटला. आजही पटतो. गंजाने पत्र्याला भोकं पडली असतील तर हे काम घरचं नाही, तिथे वेल्डिंग लागतं.

पत्रा शाबूत होता. वितभर लांबीत वरवर गंज, भोक नाही. तो चकचकीत होईपर्यंत घासला, गंजरोधक प्रायमर लावला, त्यावर रंग, आणि दोन दिवस वाळू दिला. गंज आला कुठून? बहुधा आधी कधीतरी काच बदलताना कुणाच्या तरी सुरीने रंग खरवडला गेला असणार. उघड्या लोखंडावर चिकटवण लावली की ती सुरुवातीला घट्ट बसते. मग पाणी आणि हवा कडेने आत शिरतात, गंज चिकटवणीच्या खालून पसरतो, आणि चिकटवण शेवटी लोखंडाला नाही, गंजाच्या पापुद्र्याला धरून बसते. पापुद्रा सुटला की तीही सुटते. म्हणून सुरी लागलेला प्रत्येक ओरखडा, केसाएवढा का असेना, प्रायमरने झाकायचा.

आता दुसरी काच. टेम्पर्ड काच कापून मापाला आणता येत नाही. कापायला गेलं की ती फुटते, त्यामुळे कापणं, भोकं पाडणं, वाकवणं सगळं टेम्परिंगच्या आधीच करावं लागतं. म्हणजे त्याच मॉडेलची काच हवी. तासाभराच्या अंतरावर एक भंगार यार्ड आहे, तिथे आपले पाने घेऊन जायचं आणि हवा तो भाग स्वतः काढायचा. मागून ठोकर बसलेली नसलेली, आमच्याच वर्षांतली एक गाडी सापडली. या वेळी सुरीही नको आणि स्क्रूड्रायव्हर तर नकोच. आम्ही पीळदार बारीक तार नेली होती. चिकटवणीच्या थरातून दाभणाने भोक पाडायचं, तार आत घालायची, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधायच्या. एकाने आत बसायचं, एकाने बाहेर उभं राहायचं आणि आळीपाळीने ओढत काचेभोवती फिरायचं. तार युरेथेन कापते आणि काचेच्या कडेला कुठे एका बिंदूवर जोर बसत नाही. आप्पा बाहेर, मी आत. अर्धी काच झाल्यावर ते काचेपलीकडून ओरडले, "सुतळीचंच काम आहे की हे! नुसतं उलटं."

पन्नास मिनिटं लागली. काच अख्खी निघाली. रजईत गुंडाळून, सीटवर उभी ठेवून घरी आणली. उभी, कारण आडवी ठेवली तर रस्त्यातल्या धक्क्याने ती वाकते.

घरी आल्यावर पहिलं काम, तिच्यावरच्या तांबूस आडव्या रेघा तपासणं. या रेघा म्हणजे चांदीमिश्रित लेप, काचेवर छापून भट्टीत पक्का केलेला. बटण दाबलं की त्यातून साधारण १५ अँपिअर वीज वाहते. बारा व्होल्टला ती होते १८० वॉट, म्हणजे जुन्या काळच्या साठ वॉटच्या तीन बल्बांइतकी उष्णता, दव आणि बर्फ वितळवायला पुरेशी. काच अशा वेळी आतून ब्लेडने कधीही खरवडू नका. एका रेघेत केसाएवढा खंड पडला की ती अख्खी रेघ थंड. तपासायचं सोपं आहे: दोन्ही बाजूंना बॅटरी जोडायची आणि मल्टिमीटर रेघेवरून सरकवत न्यायचा. व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं, मध्यावर सहा आलं, तर रेघ शाबूत. एकदम बाराचा शून्य झाला तर तिथे ती तुटलेली. आमच्या काचेत एकच तुटलेली निघाली, ती चांदीच्या रंगाने जोडली.

कडेची काळी पट्टी मात्र नुसती शोभा नाही. सूर्याचे अतिनील किरण युरेथेनला हळूहळू कुजवतात. भाजून पक्क्या केलेल्या त्या काळ्या मुलाम्यामागे चिकटवण सावलीत राहते.

आता युरेथेन. आप्पांनी ट्यूब हातात घेतली आणि विचारलं, "हे सुकणार कधी?" सुकत नाही, आप्पा. डिंक सुकतो, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. हे उलट पाणी पितं. ट्यूबमध्ये लांब साखळ्या असतात, त्यांच्या टोकांना आयसोसायनेट नावाचे गट. हवेतली वाफ त्यांना भेटली की ते बदलतात, जरासा कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेजारच्या साखळीचं टोक पकडतात. साखळ्यांचं जाळं विणलं जातं आणि गोळ्याचं रबर होतं. (हेच गट माणसाच्या फुप्फुसांनाही त्रास देतात. ज्यांना दमा आहे त्यांनी या कामापासून लांब राहावं, बाकीच्यांनी हातमोजे घालावेत आणि दार उघडं ठेवावं.)

यात एक मेख आहे. आधी घट्ट होतो तो बाहेरचा थर, आणि आत जाणाऱ्या वाफेला त्याच थरातून वाट काढावी लागते. थर जितका जाड, तितकी वाट लांब. त्यामुळे घट्ट झालेली खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला अशी चिकटवण पहिल्या दिवशी साधारण तीन मिलिमीटर घट्ट होते. सहा मिलिमीटरला दोन नाही, चार दिवस लागतात. आमचा दाबलेला पट्टा एक सेंटिमीटर रुंद. वाफ आतून आणि बाहेरून दोन्हीकडून येणार, म्हणजे तिला पाच मिलिमीटर जायचं. पाच भागिले तीन, त्याचा वर्ग: २.८ दिवस. म्हणून मी गाडी तीन दिवस हलवायची नाही असं ठरवलं, आणि थंडी धरून चौथाही जोडला. व्यावसायिक काचवाले तासा-दोन तासांत गाडी देतात, पण त्यांची रसायनं जास्त वेगाने पकड घेणारी असतात आणि त्यांना हवामानाप्रमाणे थांबायची वेळ ठरवून दिलेली असते. तुमच्या ट्यूबवर जे लिहिलं असेल ते पाळा, आणि अंशांचा आकडाही वाचा.

कारण थंडी. नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडला होता, बाहेर दोन अंश. दोन अंशांच्या हवेत धुकं असलं तरी एका घनमीटरमध्ये साडेपाच ग्रॅमच वाफ मावते. तीच हवा गॅरेजमध्ये हीटर लावून वीस अंशांवर आणली की वाफ तेवढीच राहते, पण आर्द्रता उतरते बत्तीस टक्क्यांवर. ऊब दिली, पाणी नाही. म्हणून आम्ही गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीवर पातेलं ठेवलं. आप्पांनी पहिलं पातेलं पाण्याचं ठेवलं आणि दुसरं चहाचं.

बसवणं स्वतः दहा मिनिटांचं काम आहे, तयारी तासांची. पत्र्यावरची जुनी चिकटवण पूर्ण काढायची नाही. एक-दोन मिलिमीटरचा ताजा कापलेला थर ठेवायचा, कारण युरेथेनला युरेथेनच सर्वांत चांगलं धरतं. काच कोरडीच जागेवर ठेवून बघायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेपच्या खुणा करायच्या, मग टेप कापायची. काचेची कड अल्कोहोलने पुसायची आणि त्यानंतर तिला उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल पुरतं. काचेचा प्रायमर. मग ट्यूबच्या तोंडाला त्रिकोणी खाच पाडून चौकटीभर एक अखंड, उंच, डोंगराच्या कड्यासारखी रांग घालायची. नरसाळ्याने शेव पाडल्यासारखं, पण हात न थांबवता. माझा हात खालच्या बाजूला एकदा थांबला. सक्शन कपांनी आम्ही दोघांनी काच उचलली, टेपच्या खुणा जुळवल्या, टेकवली, तळव्यांनी हलकेच दाबली. आप्पांनी घड्याळ बघितलं: "आठ मिनिटं."

गाडीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळ्या खिडक्या बंद असताना कुणी दार धाडकन लावलं तर आतल्या हवेचा झटका ओल्या काचेला बाहेर ढकलतो.

पाचव्या दिवशी पुन्हा पाइप आणि पुन्हा आप्पा डिकीत. मी वर वर जात होते. एक ठोका. एक ठोका. खालच्या बाजूला मधोमध पाणी गेलं आणि दोन ठोके. माझा हात जिथे थांबला होता, बरोबर तिथे, रांगेची दोन टोकं जुळली नव्हती. काच काढावी लागली नाही. तेवढी जागा वाळवली, ब्लेडने युरेथेनचा ताजा काप घेतला, आतून नवी चिकटवण दाबून भरली. आणखी तीन दिवस. मग एक ठोका.

पुढची काच मी अशी कधी काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नये असं माझं मत आहे. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा पुढच्या काचेवर टेकून माणसाकडे वळते. काच निघाली तर एअरबॅगही कामाची राहत नाही. गाडी ताशी ३० मैलांनी भिंतीवर आपटवून पुढच्या काचेची पकड किती टिकते, याचं इथे वेगळं संघराज्य मानक आहे. माझ्या रांगेत एक फट राहिली होती, हे मला पाण्यामुळे कळलं. पुढच्या काचेत ते मला कशामुळे कळलं असतं?

आप्पा डिसेंबरात परत गेले. जायच्या आधी एका उन्हाच्या दुपारी मी त्यांना आणि लेकीला माझा पोलराइज्ड गॉगल दिला आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागच्या काचा बघायला सांगितलं. सूर्य एका खांद्याकडे ठेवून, म्हणजे सूर्याच्या दिशेशी काटकोनातलं आकाश काचेत दिसेल असं उभं राहायचं. तिथला प्रकाश बराचसा ध्रुवित असतो, आणि दाबलेली काच त्याचं ध्रुवीकरण जागोजागी वेगवेगळं फिरवते. डेव्हिड ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेली ही गोष्ट. साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर गॉगलमधून काळे-करडे ठिपके दिसतात, ओळीने. टेम्परिंगच्या वेळी हवेचे झोत लागलेल्या जागा. "ही बिबट्याची," लेक म्हणत होती, "ही पण बिबट्याची, ही नाही." जिच्यावर ठिपके नव्हते ती एका ट्रकची पुढची काच होती.

मार्चमध्ये कारसीट धुवायला काढली, तेव्हा पट्ट्याच्या बक्कलमध्ये काचेचे अजून तीन खडे निघाले.